हशा पिकवणारा कामगार



दर अंकात आम्ही बेणे, लागण, खोडवा यांविषयी लिहितो. आज विषय जरा वेगळा आहे.

गेल्या हंगामात गव्हाणीत मोळी टाकल्यावर करमणुकीचा कार्यक्रम झाला. त्यात एका सभासदाच्या मुलाने आमचीच नक्कल केली. चष्मा कपाळावर, हातात डायरी आणि वर, "तोड आठ दिवसांत येतीय, काळजी करू नका!" मंडपात हशा पिकला. आम्हाला मात्र राग आला. त्याच्या वडिलांना आम्ही बोललो, "पोराला अभ्यासाला लावा. नकला करून पोट भरत नाही." तेव्हापासून पोरगा आम्हाला पाहून वाट बदलतो.

पुढे जॉनी लिव्हर यांची हकीकत वाचनात आली आणि आमचेच शब्द आम्हाला टोचले.

मूळ नाव जॉन प्रकाश राव जनुमला. जन्म १९५७ सालचा, आंध्रातला. बालपण मुंबईत, धारावीत गेले. घरची ओढाताण एवढी, की सातवीतच शाळा सुटली. मग रस्त्यावर पेन विकायचे. पण नुसते ओरडून नव्हे, तर सिनेनटांचे आवाज काढून! लोक ऐकायला थांबायचे, आणि थांबलेले गिऱ्हाईक पेनही घ्यायचे.

वडील हिंदुस्थान लिव्हरच्या कारखान्यात होते. मुलगाही तिथेच मजूर म्हणून लागला. एका समारंभात त्याने कंपनीच्या साहेबांच्या नकला केल्या. कामगार खूष झाले आणि त्यांनीच त्याला 'जॉनी लिव्हर' हे नाव दिले. कारखान्याचे नाव असे जन्माला चिकटले!

सुमारे सहा वर्षे नोकरी आणि रंगमंच अशी दुहेरी कसरत चालली. कार्यक्रमांची मिळकत बरी होऊ लागली, खाडे वाढले, तेव्हा १९८१ मध्ये त्यांनी नोकरी सोडली. कल्याणजी-आनंदजींच्या कार्यक्रमांतून नाव झाले. १९८२ मध्ये 'दर्द का रिश्ता' हा सिनेमा आला. पुढे 'दीवाना मस्ताना' आणि 'दूल्हे राजा' यांसाठी फिल्मफेअर पारितोषिके मिळाली. एकट्याने उभे राहून तासन्‌तास हसवण्याचा जो धंदा आज शहरांत जोरात आहे, त्याची वाट आपल्या देशात ज्यांनी पाडली त्यांत त्यांचे नाव अग्रभागी घेतात.

याचा अर्थ पोरांनी शाळा सोडावी असा मुळीच नाही. त्यांची शाळा हौसेने नव्हे, गरिबीने सुटली. आणि हातची नोकरीही त्यांनी दुसरा आधार तयार झाल्यावरच सोडली, हे तरुणांनी ध्यानात ठेवावे.

पण आम्ही बेणे निवडताना प्रत्येक डोळा निरखून पाहतो. पोराच्या अंगातला गुण मात्र पाहायचा राहिला. म्हणून परवा त्या मुलाच्या घरी जाऊन आलो. यंदाच्या मोळीला त्याने पुन्हा आमची नक्कल करावी, असे सांगितले आहे. आम्ही पहिल्या रांगेत बसणार आहोत.

आणि हो, तोडीच्या तारखेचा विनोद खरा होता. यंदा तारीख सांगताना आम्ही जपून सांगू!