पहिला 'नको'

समजा, परीक्षा संपली आहे. मिठबावच्या किनाऱ्यावर संध्याकाळी पाचसहा मित्र जमले आहेत. एकाने दारूची बाटली काढली. तुम्हांला ती नको आहे. पण बाकीचे गप्प आहेत. गप्प म्हणजे राजी, असे तुम्ही समजता. गंमत अशी, की प्रत्येक जण तसेच समजत असतो!

प्रेंटिस व मिलर या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठात केलेली पाहणी १९९३ साली प्रसिद्ध झाली. तेथील पिण्याच्या प्रथेने विद्यार्थी मनातून अस्वस्थ होते. मात्र इतरांना त्याचे काहीच वाटत नाही, अशी त्यांची समजूत होती.

सॉलोमन ॲश यांनी १९५१ साली रेषांची लांबी ओळखण्याचा प्रयोग मांडला. भोवतालचे सारे मुद्दाम चुकले, की सुमारे एकतृतीयांश उत्तरे त्यांच्यासारखीच चुकीची येत. परंतु एकानेही खरे सांगितले, की हे प्रमाण एकदम घसरे.

तो एक जण तुम्हीच का होऊ नये? मद्य आधी विचारशक्तीच मंदावते. म्हणून निर्णय घोटापूर्वीच हवा. "उद्या पहाटे धावण्याचा सराव आहे, मला नको," एवढे पुरे. ज्याला उद्या काय करायचे ते ठाऊक आहे, त्याला आज नकार देणे सोपे जाते. आणि कदाचित शेजारचाही हळूच म्हणेल, "मलाही नको."