लस टोचून घेतल्यानंतरचे व्यवहार

दुधानें तोंड पोळलें म्हणजे मनुष्य ताकहि फुंकून पितो, अशी आपल्याकडे एक म्हण आहे. आणि गरज सरो, वैद्य मरो, अशी दुसरी आहे. कोविड-१९ च्या महासाथींत लस टोचून घेतल्यानंतर कसें वागावें, हा प्रश्न जेव्हां गांवोगांव उभा राहिला, तेव्हां या दोन्ही म्हणी खऱ्या करून दाखविणारीं माणसें आपल्या बीड जिल्ह्यांत कमी नव्हतीं. कोणी दोन्ही मात्रा घेऊनहि घराचा उंबरठा ओलांडावयास धजेना. तर कोणी पहिली सुई टोचली त्याच आठवड्यांत लग्नाच्या वऱ्हाडांत निःशंक मिसळला. दोघांचेंहि चुकत होतें, आणि दोघांच्या चुकीचें मूळ एकच होतें. लस शरीरांत काय करते व काय करीत नाहीं, हें त्यांस कोणी नीट समजावून सांगितलें नव्हतें. तें सांगावें, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. ती साथ आतां ओसरली आहे. तथापि साथी पुन्हां येतात, आणि तेव्हां हेंच ज्ञान उपयोगीं पडावयाचें आहे.

प्रथम त्या दिवसांचें थोडें स्मरण करूं. २०२० च्या मार्च महिन्यांत देशभर टाळेबंदी झाली. शाळा बंद पडल्या, आठवडी बाजार थांबले, एस. टी. च्या गाड्या आगारांत उभ्या राहिल्या. आपल्या जिल्ह्यांतील ऊसतोड कामगार त्या वेळीं पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत उसाच्या फडांवर अडकून पडले. एप्रिलच्या उत्तरार्धांत सरकारची परवानगी मिळाल्यावरच त्यांस परतीची वाट मोकळी झाली. दुसऱ्या वर्षीं आलेली लाट त्याहून भयंकर होती. २०२१ च्या एप्रिलमध्यें अंबाजोगाई येथें २२ मृतदेह एकाच रुग्णवाहिकेंतून स्मशानाकडे नेण्यांत आले, हें वृत्त साऱ्या देशानें वाचलें. त्याच महिन्यांत राज्य सरकारनें लग्नास पंचवीसच माणसें व दोनच तास अशी मर्यादा घातली. ज्यांनीं हे दिवस डोळ्यांनीं पाहिले ते पुढें लस घेऊनहि बाहेर पडावयास भ्याले, तर त्यांस हंसण्याचें कांहीं कारण नाहीं.

लस ही गोष्ट मात्र आपल्या लोकांस नवी नव्हे. एडवर्ड जेन्नर यांनीं १७९६ सालीं इंग्लंडांत गाईच्या देवीची लस टोचून मनुष्यास देवीच्या रोगापासून वांचवितां येतें हें दाखविलें. आणि अवघ्या सहा वर्षांनीं, १४ जून १८०२ रोजीं, ती मुंबईंत एका तीन वर्षांच्या मुलीस टोचण्यांत आली. हिंदुस्थानांतील ती पहिली लस होय. पुढें ‘देवी काढणें’ हा शब्दप्रयोग आपल्या भाषेंत कायमचा रुळला, आणि ज्यांच्या देवी काढल्या होत्या त्या वृद्धांच्या दंडांवरील वण आजहि दिसतात. त्या वणांचें फळ असें कीं, ८ मे १९८० रोजीं जगांतून देवीचा रोग नाहींसा झाल्याचें जाहीर करण्यांत आलें.

१८९६ सालीं मुंबईंत प्लेग आला. तेव्हां वाल्देमार हाफकिन या शास्त्रज्ञांनीं त्यावर लस तयार केली, आणि १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. पुढें मुंबई इलाख्यांत टोचून घेतलेल्या माणसास दाखला मिळूं लागला, व त्या दाखल्यावर प्लेगच्या कांहीं जाचक नियमांतून त्यास सवलत मिळे. ज्यांस लस मिळाली नाहीं अशीं कितीएक कुटुंबें गांव सोडून माळावर झोपड्या घालून राहात, आणि साथ ओसरल्यावरच घराचें कुलूप काढीत. तात्पर्य, ‘टोचून घेतलें, आतां कोठें जातां येईल?’ हा प्रश्न सव्वाशें वर्षांचा जुना आहे.

आतां लस काय करते तें पाहूं. पूर्वीं प्रत्येक गांवाच्या वेशीवर येसकर असे. येणारा-जाणारा तो निरखून पाही, आणि एकदां ओळखलेला चोर पुन्हां दिसला तर सारा गांव जागा करी. आपल्या रक्तांतहि असेच पहारेकरी आहेत. अडचण इतकीच कीं, अगदीं नवीन रोगाचा जंतु त्यांनीं कधीं पाहिलेला नसतो. त्याची ओळख पटेपर्यंत कांहीं दिवस जातात, आणि तेवढ्यांत घर लुटलें जातें. लस ही चोर येण्यापूर्वींच त्याचें चित्र पहारेकऱ्यांस दाखवून ठेवते. पुण्याच्या सीरम संस्थेंत तयार झालेल्या कोव्हिशील्ड लसींत हें चित्र एका निरुपद्रवी विषाणूच्या हातीं पाठविलेलें होतें. हैदराबादच्या भारत बायोटेकच्या कोव्हॅक्सिन लसींत मूळ विषाणूच निर्जीव करून घातलेला होता. दोहोंनींहि रोग होत नाहीं. रोगाची ओळख मात्र होते. टोचल्यानंतर एक-दोन दिवस अंग मोडून येतें, ताप येतो, दंड दुखतो. तो रोग नसून पहारेकऱ्यांच्या तालमीची खूण होय.

परंतु तालीम एका दिवसांत पुरी होत नाहीं. पहिल्या मात्रेनें ओळख होते, दुसरीनें ती पक्की होते, आणि दुसऱ्या मात्रेनंतरहि पूर्ण बळ येण्यास सुमारें दोन आठवडे लागतात. म्हणूनच सरकारी नियमांत दुसऱ्या मात्रेस १४ दिवस झाल्यावांचून कोणासहि पूर्ण लस घेतलेला असें धरीत नसत. पहिली सुई टोचून त्याच आठवड्यांत वऱ्हाडांत शिरणाऱ्या गृहस्थाची चूक येथें होती. त्यानें बी पेरलें खरें. परंतु उगवण्यापूर्वींच तो कापणीस निघाला.

दुसरी गोष्ट याहून सूक्ष्म आहे, व तीच बहुतेकांच्या ध्यानांत आली नाहीं. दंडांत टोचलेल्या लसीनें रक्तांत जे रक्षक तयार होतात, ते फुप्फुसांचें व इतर अवयवांचें रक्षण उत्तम करितात. परंतु हा विषाणु प्रथम उतरतो तो नाकाच्या व घशाच्या ओल्या त्वचेवर, आणि तेथें त्या रक्षकांचा पहारा विरळ असतो. म्हणजे चोर कधीं कधीं अंगणापर्यंत येतो. माजघरांत शिरण्यापूर्वीं मात्र पकडला जातो. यामुळें लस घेतलेल्या मनुष्यास सर्दी-तापासारखा सौम्य आजार होऊं शकतो, व त्या दिवसांत त्याच्यापासून दुसऱ्यास संसर्गहि होऊं शकतो. परंतु प्राणवायूची नळी लागण्याची व मृत्यूची भीति पुष्कळच कमी होते. त्यांतून कांहीं महिन्यांनीं रक्षकांची संख्या उतरते, आणि विषाणूहि आपलें रूप पालटतो. २०२१ च्या अखेरीस आलेल्या ओमायक्रॉन या रूपानें हेंच दाखविलें. लस घेतलेले लोकहि आजारी पडले. पण एप्रिलमधील तो हाहाकार पुन्हां झाला नाहीं. वृद्धांकरितां १० जानेवारी २०२२ पासून आणखी एक मात्रा सुरू झाली, ती याच कारणास्तव.

२०२१ च्या ऑक्टोबरांत महाराष्ट्र सरकारनें लसीकरणाची एक मोहीम काढली. तिचें नांव ‘मिशन कवच कुंडल’. नांव सुंदर होतें. परंतु कर्णाचें कवच ज्याचें त्यालाच उपयोगी होतें, आणि लसीचें कवच तसें नाहीं, एवढा भेद ध्यानांत धरावयास हवा. ज्या गांवांत बहुतेकांनीं लस घेतली, तेथें विषाणूस एकापासून दुसऱ्याकडे जाण्यास वाट कमी सांपडते, व त्यामुळें ज्यांस लस घेतां आली नाहीं त्यांचेंहि कांहीं अंशीं रक्षण होतें. आपलें बाहेर पडणें हें शेजाऱ्यानें लस घेतली कीं नाहीं यावरहि अवलंबून असतें.

याचें उत्तम उदाहरण आपल्या शाळाच होत. ४ ऑक्टोबर २०२१ रोजीं ग्रामीण भागांत पांचवीपासून व शहरांत आठवीपासून पुढील वर्ग पुन्हां भरले. त्या दिवशीं बांकावर बसलेल्या एकाहि लहान विद्यार्थ्यास सरकारी केंद्रांवर लस मिळालेली नव्हती. पंधरा ते सतरा वर्षांच्या मुलांचें लसीकरण ३ जानेवारी २०२२ रोजीं, आणि बारा ते चौदा वर्षांच्या मुलांचें १६ मार्च २०२२ रोजीं सुरू झालें. मग शाळेची घंटा वाजली ती कोणाच्या बळावर? बऱ्याच अंशीं ती शिक्षकांनीं, आईबापांनीं व आजीआजोबांनीं घेतलेल्या लसीच्या बळावर. मुलें त्यांच्या सावलींत शाळेंत आलीं.

शाळांमागोमाग इतरहि दारें उघडलीं. ७ ऑक्टोबर २०२१ रोजीं, घटस्थापनेच्या दिवशीं, राज्यांतील देवळें व इतर प्रार्थनास्थळें उघडलीं, आणि परळीस वैजनाथाचें व अंबाजोगाईस योगेश्वरीचें दर्शन लोकांस पुन्हां घडूं लागलें. ओमायक्रॉनमुळें जानेवारींत शाळा कांहीं दिवस परत मिटल्या, व त्याच महिन्याच्या अखेरीस पुन्हां उघडूं लागल्या. शेवटीं २ एप्रिल २०२२ रोजीं, गुढीपाडव्याला, राज्यांतील सर्व निर्बंध उठले व मुखपट्टी ऐच्छिक झाली. सलग दोन वर्षें एस. टी. ने पंढरीस गेलेल्या संतांच्या पालख्या त्या आषाढांत पुन्हां पायवाटेनें निघाल्या, आणि बीडवरून जाणाऱ्या संत मुक्ताबाईंच्या पालखीसमोर लोकांनीं रस्त्यावर येऊन हात जोडले.

परंतु आपल्या जिल्ह्याचा खरा प्रश्न देवळाचा किंवा बाजाराचा नव्हता. तो कोयत्याचा होता. दसरा झाला कीं आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी, केज या तालुक्यांतून कुटुंबेंच्या कुटुंबें बैलगाड्या व ट्रॅक्टर जोडून ऊसतोडीस निघतात. नवराबायकोच्या जोडीस तेथें ‘कोयता’ म्हणतात. मुकादमाकडून घेतलेली उचल त्या जोडीनें हंगामभर फेडावयाची असते. २०२१ सालीं दसरा १५ ऑक्टोबर रोजीं होता. आतां हिशेब पाहा. त्या वेळीं कोव्हिशील्डच्या दोन मात्रांत ८४ दिवसांचें अंतर ठेवावें लागे. ज्यानें भाद्रपदांत गांवीं पहिली मात्रा घेतली, त्याची दुसरी ऐन मार्गशीर्षांत, घरापासून दूर, उसाच्या फडांत असतांना येई. देशांतील कोणत्याहि केंद्रावर दुसरी मात्रा मिळण्याची सोय होती. परंतु त्यासाठीं पहिल्या वेळीं नोंदविलेला भ्रमणध्वनीचा क्रमांक व ओळखपत्र जवळ हवें, आणि पदरीं एक मोकळा दिवस हवा.

तो मोकळा दिवसच मिळत नसे. जोडीपैकीं एकानें काम बुडविलें तर त्यास ‘खाडा’ म्हणतात, व खाड्याचा दंड मजुरींतून कापला जातो. टोचल्यानंतर येणारा एका दिवसाचा ताप नोकरदारास रजेचा दिवस होतो. कोयत्याला तो दंडाचा दिवस होतो. ‘हे लोक अडाणी, म्हणून लस घेत नाहींत,’ असें म्हणणाऱ्यांनीं हा हिशेब एकदां मांडून पाहावा. अज्ञान नव्हतेंच असें आम्ही म्हणत नाहीं. लसीनें मूल होत नाहीं, अशा खोट्या कंड्याहि पिकल्या होत्या. तथापि जेथें लस फडावर किंवा घराच्या दारीं चालून गेली, तेथें ती घेणें सोपें झालें, एवढें उघड आहे. पुढील साथींत प्रस्थानापूर्वींच लस मिळावी, व तापाच्या दिवसाचा दंड कापूं नये, या दोन गोष्टी जो घडवून आणील तो या जिल्ह्याचा मोठा उपकारकर्ता ठरेल.

आणखी एक बाजू आहे. कामगार जातात तेव्हां कित्येकांची मुलें म्हाताऱ्या आजीआजोबांपाशीं राहतात, आणि चैत्राच्या सुमारास आईबाप परततात तेव्हां मुलें धांवत त्यांच्या गळ्यांत पडतात. या एका मिठींत तीन पिढ्या एकत्र येतात. परतणाऱ्याचें लसीकरण झालेलें असो वा नसो, घरच्या वृद्धांचें झालेलें असलेंच पाहिजे. कारण सौम्य आजार तरुण घेऊन येतो, व त्याची खरी किंमत म्हातारा देतो.

आतां व्यवहाराचे नियम थोडक्यांत सांगतों. पहिला नियम असा कीं, दुसऱ्या मात्रेनंतर दोन आठवडे धीर धरावा. दुसरा, काम, शाळा, शेत व बाजार यांस निर्भयपणें आरंभ करावा. मोकळ्या हवेंत धोका सर्वांत थोडा असतो. तिसरा, बंद खोलींत अनेक माणसें पुष्कळ वेळ बसणार असतील तर खिडक्या उघडाव्या, व साथ जोरांत असेल तेव्हां मुखपट्टी बांधावी. विषाणु हवेंतून पसरतो, हें विसरूं नये. चौथा, खोकला किंवा ताप असेल त्या दिवशीं लस घेतलेल्यानेंहि घरीं राहावें, आणि वृद्ध, गरोदर स्त्री किंवा मधुमेही यांच्याजवळ जाऊं नये. पांचवा नियम भित्र्यांकरितां आहे. सर्व मात्रा घेऊनहि जो दार लावून बसतो, त्याचे पाय आखडतात, मन खचतें, आणि मधुमेह व रक्तदाब यांची तपासणी चुकते. त्यानें प्रथम सकाळीं अंगणांत, मग पारावर, मग बाजारांत, असें एक-एक पाऊल टाकावें. व घरच्यांनीं त्याची थट्टा न करितां त्याच्यासोबत चालावें.

५ मे २०२३ रोजीं जागतिक आरोग्य संघटनेनें या साथीची आणीबाणी संपल्याचें जाहीर केलें. आतां कोणी दाखला विचारीत नाहीं, कीं मुखपट्टीवांचून अडवीत नाहीं. विषाणु मात्र जगांतून गेलेला नाहीं. तो इतर तापांच्या पंक्तीस येऊन बसला आहे. म्हणून आमच्या विद्यार्थिबंधुभगिनींस एवढेंच सांगावयाचें आहे कीं, घरांतील वृद्धांच्या लसीची तारीख कोणती, व गांवांतून ऊसतोडीस निघणाऱ्या शेजाऱ्याची मात्रा राहिली आहे काय, हें विचारण्यास डॉक्टर असावें लागत नाहीं. वाचतां येणाऱ्या मुलानें पुढील साथींत एवढें काम आपलें समजावें.