लोखंडाचा जमाखर्च

मुंबईतील घोड्यांच्या ट्रामगाड्या जाऊन त्यांच्या जागी विजेच्या गाड्या येणार असे जेव्हा ठरले, तेव्हा त्या विद्युत्प्रवाहाने कुलाब्याच्या वेधशाळेतील चुंबकीय नोंदी बिघडतील हे जाणून डॉ. नानाभाई मूस यांनी ते काम बंदरापलीकडे अलिबागेस हलविले, आणि पृथ्वीचे चुंबकत्व मोजणाऱ्या सूक्ष्म उपकरणांना कसलाही उपसर्ग पोहोचू नये म्हणून १९०४ साली तेथे उभारलेल्या इमारतीत पोरबंदरचा निवडक दगड आणि तांब्यापितळेचे सामान वापरून लोखंडाला मज्जाव करण्यात आला. ज्या गावाने लोखंड इतक्या कसोशीने वर्ज्य केले, त्याच गावात, आणि तेथून दक्षिणेस चौल, रेवदंडा, मुरूड, श्रीवर्धनपर्यंतच्या साऱ्या किनारपट्टीत, हल्ली संध्याकाळी तरुण मंडळी ज्या वस्तूभोवती जमतात ती वस्तू म्हणजे वीस किलोचा एक लोखंडी बार आणि त्याच्या दोन्ही टोकांस चढविलेल्या प्लेटी. योगायोग म्हणून सोडून देण्यासारखी ही गोष्ट आहे; परंतु वेधशाळेतील मंडळी ज्या चिकाटीने रोजची नोंद ठेवीत आली, तिचा एखादा अंश या व्यायामशाळांत उतरला असता तर पुष्कळांचे खांदे आणि कमरा शाबूत राहिल्या असत्या, एवढे मात्र म्हणावेसे वाटते.

कारण बहुतेक ठिकाणी व्यायामाचा कारभार बिनहिशेबी चालतो. सोमवारी छाती, कारण सर्वांचीच सोमवारी छाती असते. बेंचवर पाठ टेकून गेल्या खेपेपेक्षा अडीच किलो जास्त निघतात का हे पाहायचे, न निघाल्यास मागे उभ्या असलेल्या मित्राने बोटे लावून ते वर काढून द्यायचे, आणि मग उरलेला तास आरशासमोर दंडाचे निरनिराळे प्रकार करण्यात घालवायचा. यात श्रम कमी होतात असे नाही. ते भलत्या खाती पडतात. जड वजन किती, कितीदा आणि कोणत्या दिवशी उचलावे, आणि त्याच्या जोडीला जी दुय्यम मेहनत करावयाची ती कोणती व किती, हा आज स्वतंत्र शास्त्राचा विषय झालेला आहे, आणि त्यातील मुख्य सिद्धान्त समजावयास शरीरविज्ञानाची पदवी लागत नाही.

मनुष्याच्या अंगी ताकद दोन वाटांनी येते. पहिली वाट मज्जासंस्थेची. स्नायूतील तंतू एकेकटे काम करीत नाहीत. एका चेतापेशीच्या हुकमतीखाली तंतूंचा एक समूह असतो, आणि त्या पेशीने आज्ञा केली की तो समूह एकदम आकुंचन पावतो. एल्वुड हेनेमन या संशोधकाने दाखवून दिले की, हे समूह ठरलेल्या क्रमाने कामास लागतात: आधी लहान, चिवट, सहज न थकणारे, आणि जसजसा भार वाढेल तसतसे मोठे, बलाढ्य परंतु लवकर दमणारे. पाणी भरलेली कळशी उचलताना हे मोठे समूह निवांत बसून असतात. अंगावर खरोखरीचा भार आल्यावाचून, किंवा हलक्या भाराने अगदी थकवा येईपर्यंत काम केल्यावाचून, त्यांची तैनाती होत नाही. शिवाय अमुक एक वजन अमुक एका रीतीने उचलणे ही विद्याच आहे, आणि ती त्या वजनाच्या आसपास वावरल्यानेच अंगवळणी पडते. नवशिक्याची ताकद पहिल्या काही आठवड्यांत झपाट्याने वाढते आणि दंडाचा घेर मात्र तेवढाच राहतो, त्याचे कारण हेच. मोरितानी आणि डी व्हरीस यांनी १९७९ साली ही वाढ आरंभी मुख्यतः मज्जासंस्थेची आणि पुढे स्नायूंची असते असे मापनाने दाखविले.

दुसरी वाट मांसाची. स्नायूचा छेद जितका रुंद, तितकी त्याची ओढण्याची शक्ती अधिक. आणि येथे एक सोयीची गोष्ट अशी की, स्नायू वाढविण्यासाठी प्रचंड वजनच हवे असे नाही. मध्यम, किंबहुना बरेच हलके वजनही, पुरेशा आवर्तनांनी आणि थकव्याच्या जवळ जाईपर्यंत उचलले, तर मांस जवळजवळ तेवढेच चढते. एवढे ध्यानी घेतले की मुख्य आणि साहाय्यक व्यायामांची वाटणी आपोआप उलगडते. बैठक, बेंच आणि डेडलिफ्ट हे जड प्रकार पहिल्या वाटेसाठी. रोइंग, लंजेस, पुलअप, डिप्स, कमरेचे आणि पोटाचे प्रकार हे दुसऱ्या वाटेसाठी. जडाचे काम थोडे आणि मोजून. हलक्याचे काम भरपूर आणि सांध्यांस जपून.

हे थोडे आणि मोजून म्हणजे किती, याचा शोध दोन निरनिराळ्या मुलखांत लागला. दुसऱ्या महायुद्धात जायबंदी झालेल्या सैनिकांचे गुडघे पूर्ववत् करण्याचे काम अमेरिकी लष्करी वैद्य टॉमस डिलॉर्म यांच्याकडे होते. जखमी अवयवास आराम द्यावा हा त्या काळचा रिवाज बाजूस ठेवून त्यांनी रुग्णांना दहा वेळा जेमतेम उचलता येईल इतके वजन द्यावयास सुरुवात केली आणि १९४५ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. आरंभी ते असे सात ते दहा सेट करवून घेत. पुढे अनुभवाने त्यांच्या ध्यानात आले की तीनच पुरतात: पहिला त्या वजनाच्या निम्म्याने, दुसरा पाऊणपटीने, तिसरा पूर्ण वजनाने. आज गावोगाव जे तीन सेट रूढ आहेत, त्यांचे मूळ या इस्पितळी व्यवहारात आहे. दुसरीकडे सोव्हिएत रशियात प्रिलेपिन या प्रशिक्षकाने उत्तमोत्तम वेटलिफ्टरांच्या नोंदी चाळून एक कोष्टक तयार केले. त्याचा मथितार्थ असा की, आपल्या कमाल वजनाच्या ऐंशी ते नव्वद टक्क्यांच्या टापूत एका दिवशी एकंदर दहा ते वीस वेळाच वजन उचलावे, आणि नव्वदच्या वर गेल्यास चार ते दहा वेळा. यापेक्षा कमी केले तर परिणाम नाही, अधिक केले तर तंत्र ढासळते. मुद्दा असा की जडाला मर्यादा दोन्ही बाजूंनी आहे.

आपल्याकडील परंपरेला ही वाटणी अगदीच परकी नव्हती. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने रचलेल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात मल्लविद्येचे जे प्रकरण आहे, त्यात भार उचलण्याचे श्रम, चालण्याचे श्रम, पाण्यातले श्रम आणि खांबावरचे श्रम असे पृथक् विभाग सांगितले आहेत. तेथे मुख्य काम कुस्ती, आणि भार उचलणे हे तिच्या दिमतीस. रायगड जिल्ह्यातील कबड्डी खेळणाऱ्या मुलांनी ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवावयास हवी: त्यांच्या दृष्टीने बार हाच साहाय्यक व्यायाम आहे, मैदान मुख्य. ज्या संध्याकाळी चढाया आणि पकडी यांचा कसून सराव झाला, त्या संध्याकाळी पुन्हा डेडलिफ्टची कमाल अजमावणे हा शुद्ध आततायीपणा होय.

रेवदंड्याच्या बाजूस पत्र्याचे छप्पर असलेल्या एका व्यायामशाळेत, जेथे खाऱ्या वाऱ्याने बारवर तांबूस पूड धरते आणि दर दोनचार दिवसांनी तो तेलाच्या फडक्याने पुसावा लागतो, मी एका होतकरू मुलाची वही पाहिली. मुलगा आल्या आल्या म्हणाला, “सर, आज मॅक्स मारू का?” सर प्लेटी रचीत होते, वर न पाहता म्हणाले, “गेल्या आठवड्यात मारलास ना? आज पाचाचे सेट. वही काढ.” वहीत मांडलेला हिशेब अमेरिकी लिफ्टर जिम वेंडलर याच्या पद्धतीचा होता, आणि तो मांडून दाखविण्यासारखा आहे. मुलाची खांद्यावर बार घेऊन मारावयाची बैठक १४० किलोंची. पैकी नव्वद टक्के म्हणजे १२६. उतरती पूर्ण संख्या १२५ धरून तीच हिशेबाची मूळ रक्कम मानली होती, म्हणजे आपल्या खऱ्या ऐपतीपेक्षा दहा टक्के कमी दाखवूनच सौद्याला बसावयाचे. पहिल्या आठवड्यात तिच्या ६५, ७५, ८५ टक्क्यांनी पाचपाच बैठका: सुमारे ८०, ९२.५ आणि १०५ किलो. दुसऱ्या आठवड्यात ७०, ८०, ९० टक्क्यांनी तीनतीन: ८७.५, १०० आणि ११२.५. तिसऱ्यात ७५, ८५, ९५ टक्क्यांनी अनुक्रमे पाच, तीन आणि एक: ९२.५, १०५ आणि ११७.५. चौथा आठवडा जवळजवळ सुट्टीचा; त्यात ५०, ६२.५ आणि ७५ किलो. मग मूळ रकमेत पाच किलोंची भर, हातांच्या प्रकारांत अडीचच, आणि पुन्हा पहिल्यापासून.

यातील खुबी शेवटच्या सेटमध्ये आहे. तेथे लिहिलेला आकडा हा किमान आकडा. अंगात त्राण असेल तर त्याहून अधिक काढावयास मुभा असते. पाचांऐवजी १०५ किलोंच्या आठ बैठका निघाल्या, तर आवर्तनांस तिसाने भागून त्यात एक मिळवावा आणि त्या संख्येने वजनास गुणावे, या एप्ली याच्या सूत्रानुसार कमाल ताकद १३३ किलोंच्या आसपास येते. प्रत्यक्ष १३३ किलो खांद्यावर घेण्याचा धोका न पत्करता प्रगतीचा अदमास लागतो. आणि ज्यांना दर आठवड्यास मॅक्स मारण्याची उबळ येते, त्यांच्यावर याहून चांगला उतारा मला ठाऊक नाही. खरी कमाल अजमावण्याची जागा स्पर्धेचे व्यासपीठ. तेथेही ती महाग पडू शकते: सांगलीच्या संकेत सरगरने २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत स्नॅचमध्ये ११३ आणि क्लीन अँड जर्कमध्ये १३५ असे एकूण २४८ किलो उचलले, पुढच्या प्रयत्नात १३९ किलोंखाली त्याच्या कोपराला दुखापत झाली, आणि सुवर्णपदक एका किलोने हुकून रौप्य हाती आले. व्यासपीठावर असे धाडस शोभते. मंगळवारच्या सरावात नव्हे.

आता साहाय्यक मेहनतीची निवड. येथे आवडीनिवडीला थारा नसावा. मुख्य उचल कोठे अडते हे पाहून तिची नेमणूक व्हावी. बैठकीतून वर येताना छाती पुढे झुकत असेल तर पाठ आणि कंबर कच्ची. तिला रोमानियन डेडलिफ्ट आणि रोइंग द्यावे. बेंचवर बार मध्यावर अडत असेल तर दंडामागचा स्नायू व खांदे पाहावेत. डेडलिफ्टमध्ये बार बोटांतून निसटत असेल तर पाठीचे दहा प्रकार करून उपयोग नाही, पकड घडवावी लागेल. या बाबतीत आपल्या किनाऱ्यावरील एक जमात विचार करावयास लावते. दिवेआगर-श्रीवर्धनकडील वाड्यांत रोठा सुपारी उतरविणारे गडी पोफळीच्या गुळगुळीत खोडावर पायांच्या आणि हातांच्या पकडीने चढतात, आणि वरच्या वर एका झाडावरून दुसऱ्यावर जातात. त्यांनी स्वतःच्या देहापलीकडे वजन असे कधी उचललेले नसते. तरी त्यांची बोटे, पुढचे हात आणि पाठीचे पंखे पाहून जिममधील मंडळींनी मान खाली घालावी. पुलअप आणि दोरावरची चढण ही पकडीच्या उणिवेवर उत्तम दवा आहे, ती याच कारणाने. जोर आणि साध्या बैठकाही या दुय्यम खात्यात उत्तम बसतात; पन्नास जोर मारल्यावर मज्जासंस्थेवर उद्यापर्यंत उरणारा बोजा पडत नाही.

या जोडकामासाठी समुद्राने दिलेली जागा मात्र बहुतेकजण सेल्फीपुरती वापरतात. लजन, विलेम्स आणि हेग्लुंड यांनी १९९८ साली मोजून दाखविले की, भुसभुशीत वाळूत चालताना करावे लागणारे यांत्रिक कार्य कठीण जमिनीच्या तुलनेत १.६ ते २.५ पट असते आणि खर्च होणारी ऊर्जा २.१ ते २.७ पट. पाय बुडतो, मागे सरतो, आणि वाळू ढकलण्यात शक्ती जाते. परंतु पाऊल आपटण्याचा दणका गुडघ्यांस कमी बसतो. नागावच्या किंवा काशीदच्या किनाऱ्यावर दोन्ही हातांत वजन घेऊन काढलेली वीस मिनिटांची रपेट पायांची, पकडीची आणि दमसासाची सोय एकाच खर्चात करते. ओहोटीला ओली, घट्ट वाळू पुष्कळ मिळते, तिच्यावर मात्र हा गुणाकार लागू नाही.

हवामानाचाही हिशेबात शिरकाव हवा. घाम निघाल्याने शरीर थंड होत नाही, तो वाळल्याने होते. आणि एप्रिल-मे महिन्यांत किनाऱ्यावरील दमट हवा त्याला वाळू देत नाही. देशावरील मुलगा सोलापूरच्या कोरड्या उन्हात जो व्यायाम निभावून नेईल, त्याने मुरूडचा मुलगा बेजार होईल. म्हणून त्या दिवसांत जड सेटांची संख्या तीच ठेवून हलक्याची छाटावी, दोन जड सेटांमध्ये तीन ते पाच मिनिटांची विश्रांती द्यावी, कारण स्नायूतील क्रिएटिन फॉस्फेटचा साठा भरून यावयास तितकी मुदत लागतेच, आणि तळहातांस खडू लावण्याचा कंटाळा करू नये.

वर्षाच्या आखणीविषयी सोव्हिएत शास्त्रज्ञ मात्वेयेव्ह याने १९६४ साली जे मांडले, ते असे की, बारमाही एकाच जोराने मेहनत करणे निष्फळ. काही महिने पुष्कळ आणि मध्यम, काही महिने थोडे आणि जड, मग विश्रांती, असे विभाग पाडावेत. नोकरदार मुलाला हे विभाग कृत्रिम रीतीने पाडावे लागतात. कोळीवाड्यातील मुलाला ते सरकारनेच पाडून दिले आहेत: पश्चिम किनाऱ्यावर १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी असते. या ६१ दिवसांत वरच्या वहीतील चार आठवड्यांची दोन आवर्तने जवळजवळ नेमकी बसतात. झोप मिळते, रात्रीबेरात्री बोटीवर जावे लागत नाही. १ ऑगस्टला होड्या बाहेर पडल्या की जाळी ओढण्याचे आणि टोपल्या वाहण्याचे काम हीच भरपूर साहाय्यक मेहनत होते. तेव्हा जिममधील दुय्यम प्रकार बहुतेक बंद करून आठवड्यातून एकदा बैठकीचे आणि एकदा डेडलिफ्टचे दोनतीन जड सेट तेवढे चालू ठेवावेत. मिळविलेली ताकद टिकवावयास ती मिळविण्यापेक्षा पुष्कळ कमी काम पुरते, आणि पुढच्या जूनमध्ये वहीतील मूळ रक्कम शून्यातून न मांडता जेथे थांबली तेथून दहा किलो खाली धरून मांडावी.