विजेच्या दुचाकीवरून बागान

मराठी माणसापुढें ब्रह्मदेशाचें नांव निघालें कीं त्यास बहुधा दोनच गोष्टी आठवतात. एक मंडालेचा तुरुंग, जेथें लोकमान्य टिळकांनीं १९०८ पासून १९१४ पर्यंत शिक्षा भोगली व 'गीतारहस्य' लिहिलें. आणि दुसरी, त्याच मंडालेच्या सिंहासनावरून पदच्युत होऊन रत्नागिरीस आलेला व तेथेंच १९१६ सालीं मरण पावलेला थिबा राजा. परंतु या देशाचें जें सर्वांत जुनें वैभव, तें मंडालेस नाहीं. मंडालेहून इरावतीच्या प्रवाहाबरोबर खालीं आलें असतां नदीच्या पूर्वतीरावर एक विस्तीर्ण, सपाट व धुळकट मैदान लागतें. त्या मैदानावर विटांचीं देवळें व स्तूप अशा दाटीनें उभे आहेत कीं प्रथम पाहणाऱ्यास एखादें पीकच उगवून आल्यासारखें वाटावें. हें बागान. जुन्या लेखांतून याचें नांव 'अरिमर्दनपूर' असें येतें. अनव्रथ राजा १०४४ सालीं येथें गादीवर आला, तेव्हांपासून सुमारें अडीचशें वर्षें ही राजधानी नांदली व तेराव्या शतकाच्या अखेरीस, मोंगलांच्या स्वाऱ्यांच्या धामधुमींत, तिचें वैभव ओसरलें.

मोडक्यातोडक्या अवशेषांसह नोंदलेलीं स्मारकें साडेतीन हजारांहून अधिक आहेत. राजवाडे, बाजार, घरें यांपैकीं मात्र कांहीं उरलेलें नाहीं. कारण सरळ आहे. वीट देवासाठीं आणि लाकूड माणसासाठीं, अशी तेथली वहिवाट होती. लाकूड कुजलें, जळलें, वाळवीनें खाल्लें, वीट राहिली. म्हणून बागान हें रहिवासी निघून गेलेलें व देव मागें राहिलेलें नगर दिसतें.

एवढा पसारा पाहावयाचा कसा, हा प्रश्न प्रत्येक प्रवाशापुढें पहिल्याच सकाळीं उभा राहतो. यात्रेकरूंच्या उतरण्याच्या जागा तीन: उत्तरेस न्यांऊ-ऊ हें बाजाराचें गांव, मध्यें तटबंदीचें जुनें बागान, आणि दक्षिणेस नवें बागान. जुन्या बागानांतील रहिवाशांना १९९० सालीं सरकारनें उठवून या नव्या गांवीं नेऊन बसविलें. न्यांऊ-ऊहून जुनें बागान पांचसहा किलोमीटर, आणि पूर्वेकडील मिन्नांथू खेड्याच्या बाजूचीं देवळें आणखी आडबाजूस. पायीं जावें तर दिवसांत चार देवळें होतात. घोड्याच्या टांग्यांतून जाणें सुखाचें, पण टांगेवाल्यास जेथें न्यावयाचें असतें तेथेंच माणूस पोहोंचतो. साधी सायकल उत्तम खरी. तथापि हें मैदान ब्रह्मदेशाच्या कोरड्या पट्ट्यांत आहे. पश्चिमेकडील आराकानच्या डोंगरांवर पावसाळी ढग रिते होतात आणि अलीकडे उरलेंसुरलें येतें. सह्याद्रीच्या पलीकडे धोधो व अलीकडे माणदेशांत तुटपुंजें, असाच तो प्रकार. मार्चपासून मेपर्यंत तेथें पारा चाळीस अंशांच्या वर जातो. अशा उन्हांत वाळूंतून पायडल मारणें हें तरुणासही शिक्षेसारखें होतें. पेट्रोलची मोटारसायकल परदेशी पाहुण्यास भाड्यानें देण्याची तेथें मनाई. या सर्व अडचणींतून जो मार्ग निघाला, तो विजेच्या दुचाकीचा. गेल्या दहापंधरा वर्षांत ही गाडी बागानच्या प्रवासाची जणूं खूणच होऊन बसली.

आरंभीं आलेल्या गाड्या खरोखरीच सायकली होत्या. पायडलहि होतें आणि मोटारहि होती. पुढें पायडल गळालें आणि स्कूटरच्या घाटाची, बसावयास रुंद व पाय ठेवण्यास फळी असलेली गाडी रूढ झाली. लोक तिला अजूनहि 'ई-बाईक'च म्हणतात. तिची रचना समजून घेतली तर प्रवासांतील निम्मा मनस्ताप टळतो, म्हणून येथें थोडें थांबावयास हरकत नाहीं.

मोटार मागच्या चाकाच्या तुंब्यांतच असते. तारांचीं वेटोळीं आंसाला घट्ट बसविलेलीं असतात व त्यांच्याभोंवतीं चाकाबरोबर फिरणारें लोहचुंबकांचें कडें असतें. एक छोटी नियंत्रक पेटी या वेटोळ्यांतून आळीपाळीनें वीज सोडते. चुंबक त्या वेटोळ्यांमागें ओढले जातात आणि चाक फिरतें. साखळी नाहीं, दंतचक्रें नाहींत, म्हणून आवाजहि नाहीं. वीज येते ती बैठकीखालच्या बॅटरीतून. स्वस्त गाड्यांत ही बॅटरी मोटारगाडीच्या बॅटरीसारखी शिशाची व आम्लाची असते. बारा व्होल्टांच्या चार बॅटऱ्या एकामागें एक जोडल्या कीं अठ्ठेचाळीस व्होल्ट झाले. प्रत्येकीची क्षमता वीस अँपिअर-तास धरली, तर गुणाकार होतो ९६० वॅट-तास. म्हणजे घरच्या विजेच्या बिलांतलें जवळजवळ एक युनिट. एका युनिटांत दिवसभराचें बागान! सपाट डांबरी रस्त्यावर अशी गाडी किलोमीटरास सुमारें वीस वॅट-तास खाते असें मानलें, तर कागदावर अठ्ठेचाळीस किलोमीटरांची मजल निघते.

पण कागद आणि वाळू यांत अंतर आहे. रुतणाऱ्या वाळूंत चाकास होणारा विरोध डांबरी रस्त्याच्या कित्येक पट असतो. वेगाचेंहि तसेंच: वारा कापण्यास लागणारी शक्ति प्रत्येक किलोमीटरामागें वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते, म्हणून ताशीं चाळीसनें धांवणारा ताशीं वीसनें जाणाऱ्यापेक्षां फार लवकर रिता होतो. शिवाय शिशाची बॅटरी जुनी होत गेली कीं तिचें पोट आकसतें, आणि ती तळापर्यंत उपसणें तिच्या प्रकृतीस अपायकारक असतें. एवढें धरून तीस किलोमीटरांचाच हिशेब करावा, हें शहाणपणाचें. गाडीवरचा कांटा नवख्यास फसवितो तो असा कीं, गाडी उभी असतां बॅटरीवर भार नसल्यामुळें तो 'भरली आहे' असें दाखवितो आणि चढावर किंवा वाळूंत एकदम खालीं येतो. म्हणून कांटा पाहावयाचा तो गाडी चालू असतांना. गाडी अडली तर भाड्यानें देणारा निरोप पोहोंचतांच दुसरी गाडी घेऊन येतो, अशी तेथें पद्धत आहे. त्याचा दूरध्वनीचा क्रमांक निघण्यापूर्वीं लिहून घ्यावा आणि ब्रेक, दिवा व चाकांची हवा हीं त्याच्या देखतच पाहावीं.

वाळूच्या पायवाटेवर पडण्याचे प्रसंग पुष्कळ येतात. लहान, गुळगुळीत चाक वाळूंत रुततें. चालविणारा घाबरून पुढचा ब्रेक दाबतो, आणि गाडी आडवी होते. हलका वेग ठेवावा, हँडल सैल धरावें, दोन्ही पाय जमिनीजवळ असावेत, आणि फारच खोल वाळू दिसली तर उतरून गाडी ढकलावी. त्यांत कमीपणा कसला? गाडी निःशब्द असल्यामुळें पुढें चाललेल्या बैलांना किंवा डोकीवर ओझें घेतलेल्या बाईला तिची चाहूल लागत नाहीं. येथें कर्णा वाजविणें हा उद्धटपणा नसून सौजन्य आहे.

आतां पाहावयाचें काय? सर्व पाहूं म्हणणारा कांहींच पाहत नाहीं. पहिल्या दिवशीं पहांटे आनंद मंदिर गांठावें. क्यान्झित्था राजाच्या कारकीर्दींत, अकराव्या शतकाच्या अखेरीच्या सुमारास उठलेलें हें मंदिर. आंत चार दिशांस चार उभ्या बुद्धमूर्ति, प्रत्येकी तीस फुटांहून उंच. त्यांपैकीं दक्षिणेची व उत्तरेची मूळच्या, उरलेल्या दोन मागाहून केलेल्या. दक्षिणेकडील मूर्तीपाशीं अगदीं जवळ उभें राहिलें तर मुद्रा गंभीर दिसते. दहावीस पावलें मागें सरलें कीं तीच मुद्रा स्मित करूं लागते. भिंतींतील झरोक्यांची योजना अशी कीं बाहेरचा उजेड नेमका मुखावर पडावा. विजेचे दिवे नसलेल्या काळांतल्या गवंड्यांची ही दृष्टि पाहून मन थक्क होतें.

जुन्या बागानच्या तटांत थाटब्यिन्न्यू या उंच मंदिराशेजारीं एक ठेंगणें देऊळ आहे. बहुतेक प्रवासी त्याच्याकडे न पाहतां जातात. भारतीयानें मात्र तेथें गाडी थांबवावी. नाट्लाउंग चाउंग हें विष्णूचें मंदिर. तटाच्या आंत उरलेलें हिंदु देवालय तेवढें एकच. बाहेरच्या भिंतींत दशावतारांच्या मूर्ति होत्या, त्यांपैकीं कांहीं आज नाहींत. बागानांत सांपडलेल्या तेराव्या शतकाच्या एका तमिळ शिलालेखांत मलबारच्या एका व्यापाऱ्यानें येथील विष्णुमंदिरास मंडप, दार आणि अखंड तेवणारा दिवा अर्पण केल्याची नोंद आहे. समुद्र ओलांडून व्यापारास आलेल्या माणसास परक्या राजधानींत आपल्या देवापुढें दिवा लावावासा वाटला, ही गोष्ट राजांच्या वंशावळींपेक्षां अधिक जवळची वाटते.

तेथून दक्षिणेस मियन्काबा गांव. येथें मनूहा मंदिर आहे. थाटोनचा मोन राजा मनूहा याला अनव्रथानें १०५७ सालीं जिंकून येथें आणलें. त्या बंदिवान राजानें बांधविलेल्या या मंदिरांतील मूर्ति गाभाऱ्याच्या मानानें इतक्या प्रचंड आहेत कीं भिंतींना खांदे भिडतात व पाहणाऱ्याचा श्वास कोंडतो. कैद्यानें आपली घुसमट अशी सांगितली, असें लोक मानतात. याच गांवांतील गुब्याउक्जी मंदिराची कथा तर नाटककारास मोहविणारी आहे. क्यान्झित्थाचा मुलगा राजकुमार. सिंहासन त्याच्याऐवजीं राजाच्या नातवास मिळावयाचें ठरलें होतें. बाप मरणाच्या दारीं असतां या मुलानें तंटा केला नाहीं. त्यानें सोन्याची बुद्धमूर्ति घडविली, बापासमोर नेली, आणि त्याच्या संतोषाची साक्ष ठेवून हें मंदिर उभारलें. १११३ च्या सुमारास हा प्रसंग पाली, प्यू, मोन व ब्रह्मी अशा चार भाषांत शिळेवर कोरला गेला. प्यू ही भाषा पुढें पार विसरली गेली होती. विसाव्या शतकाच्या आरंभीं पंडितांना ती लागली ती या शिळेच्या आधारें. एका उपेक्षित मुलाच्या पितृभक्तीनें एका मृत भाषेची किल्ली जपून ठेविली! आंतील भिंतींवर जातककथांचीं चित्रें आहेत. तीं पाहण्यास मंद विजेरी न्यावी. छायाचित्रासाठीं प्रखर झोत टाकूं नये, कारण नऊशें वर्षांचे रंग झोतांचे मारे सोसावयाचे नाहींत.

दुपारीं बाहेर राहूं नये. प्रत्येक देवळांत जोडे व मोजे दोन्ही काढावे लागतात आणि तापलेल्या विटांवर अनवाणी चालणें म्हणजे निखाऱ्यावरचें चालणें. त्या वेळीं गाडीहि सावलींत ठेवावी; उन्हानें बॅटरीचें आयुष्य घटतें. मियन्काबांत लाखेच्या भांड्यांचे कारखाने आहेत. बांबूच्या सांगाड्यावर झाडाच्या चिकाचे थरावर थर, प्रत्येक थर सुकविण्यास दिवसांमागून दिवस, अशी ती चिकाटीची कला पाहण्यांत दोन तास सहज जातात.

तिसऱ्या प्रहरीं धम्मयांजी. बागानांतलें हें सर्वांत अवजड मंदिर नरथू राजानें बाराव्या शतकांत आरंभिलें. बापाचा व भावाचा खून करून गादीवर बसलेल्या या राजाची विटांच्या सांध्यांत सुई शिरतां कामा नये अशी ताकीद होती, अशी दंतकथा आहे. आंतला प्रदक्षिणामार्ग विटांनीं भरून बुजविलेला आहे. कां, तें कोणीं लिहून ठेवलेलें नाहीं.

पूर्वीं सूर्यास्ताच्या वेळीं शेंकडों प्रवासी मंदिरांच्या गच्च्यांवर चढून बसत. ८ जुलै १९७५ च्या भूकंपानें येथें मोठी पडझड झाली. नदीकांठचा बूपया स्तूप तर पाण्यांत कोसळला व पुन्हां बांधावा लागला. २४ ऑगस्ट २०१६ रोजीं पुन्हां ६.८ प्रतीचा धक्का बसला आणि सुमारें चारशें स्मारकांस इजा झाली. सुलामणी मंदिराचा माथा ढांसळला. कोसळलेल्यांत १९९० नंतर घाईनें व कल्पनेनें केलेल्या जीर्णोद्धाराचा भागहि पुष्कळ होता, आणि त्या जीर्णोद्धारावर तज्ज्ञांनीं आधींच टीका केली होती. यानंतर चढण्याची बंदी कडक झाली, सूर्यास्तासाठीं मातीचे निराळे उंचवटे उभारले गेले, आणि २०१९ सालीं बागान जागतिक वारशाच्या यादींत आलें. तरीहि दुचाकीमुळें आडवाटेचें प्रत्येक देऊळ आतां कोणाच्याहि टप्प्यांत आलें आहे, आणि राखणदार नसलेल्या ठिकाणीं मोडक्या जिन्यानें वर जाण्याचा मोह होतो. त्या जिन्यास आपला भार सोसेल कीं नाहीं हें चढणाऱ्यास कळत नाहीं. पडला तर दोघांचीहि हानि. भुईमुगाच्या व तिळाच्या शेतांतून गाडी घालून वाट काढणेंहि तितकेंच गैर. मैदान देवांचें असलें तरी पीक शेतकऱ्याचें आहे.

फेब्रुवारी २०२१ मध्यें लष्करानें सत्ता घेतल्यापासून देशांत यादवी माजली आणि बागानच्या पाहुण्यांची संख्या फार उतरली. गाड्या भाड्यानें देणारे, टांगेवाले, लाखेचे कारागीर, या साऱ्यांचा चरितार्थ त्या पाहुण्यांवर होता. म्हणून जाण्याचा बेत करणाऱ्यानें प्रथम भारत सरकारच्या परराष्ट्र खात्याच्या ताज्या सूचना वाचाव्या, आणि त्या अनुकूल असतील तरच नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे थंडीचे महिने निवडावे. गाडी घेतांना दोन पैशांची घासाघीस करूं नये. अंधार पडण्यापूर्वीं डांबरी रस्त्यावर यावें, कारण आंतल्या वाटांवर दिवे नाहींत आणि गाडीचा दिवाहि त्याच बॅटरीवर जळतो.