वखवख मनाची की पोटाची?

चेन्नईच्या टी. नगरमध्ये संध्याकाळी साड्या-दागिन्यांची खरेदी आटोपली, की पावले आपोआप फराळाच्या दुकानाकडे वळतात. घरी न्यायला घेतलेला मुरुक्कूचा पुडा बसस्टॉपवरच संपतो. पोट भरलेले असते, पण हात थांबत नाही! हसण्यावारी नेण्याजोगी ही वखवख. मात्र तिचीच थोरली बहीण, दारूची तल्लफ, घरे बुडवते.

याच शहरात टीटीके उद्योगघराण्यातले टी. टी. रंगनाथन १९७९ साली दारूपायी गेले. पत्नी शांती रंगनाथन यांनी १९८० साली त्यांच्या नावाने व्यसनमुक्तीची संस्था काढली. दारू सोडवणे म्हणजे शपथा घालणे नव्हे, हा आजार आहे आणि उपचारात घरच्यांनाही घ्यायला हवे, हे या संस्थेने पहिल्यापासून धरले. शांतीबाईंना १९९२ मध्ये पद्मश्री मिळाली.

आजार, तर तो नेमका कुठे? आता संशोधकांचे बोट आतड्याकडेही वळले आहे. आतड्यात असंख्य जिवाणू राहतात. दारूने आतड्याचे अस्तर सैल झाले, की जिवाणूंचे अंश रक्तात शिरतात. शत्रू आला असे समजून शरीर दाह सुरू करते आणि त्याचे रासायनिक निरोप मेंदूपर्यंत पोचतात. बेल्जियममध्ये दारू सोडायला आलेल्या ६० जणांची तपासणी झाली. तिचे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. २६ जणांचे अस्तर असे सैल होते. तीन आठवडे थेंबही न घेता त्यांच्यात उदासी, घोर आणि तल्लफ इतरांपेक्षा जास्त उरली होती. ‘सोडली ना, मग आता कशाला चिडता?’ असे विचारणाऱ्या घरच्यांनी हे ध्यानात घ्यावे.

अमेरिकेत २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात यकृत बिघडलेल्या दहा मद्यपींच्या आतड्यात निरोगी माणसाच्या विष्ठेतले जिवाणू सोडले. पंधराव्या दिवशी नऊ जणांची तल्लफ उतरली होती. नुसता देखावा केलेल्या दहांपैकी तिघांचीच. प्रयोग अगदी लहान. त्यावर कोणी औषधाचे दुकान मांडू नये, आणि दहीभाताने दारू सुटेल असेही समजू नये.

खाण्याचे कोडे अजून पुरते उलगडलेले नाही. तेलकट-तुपकट खाऊ घातलेल्या उंदरांच्या मेंदूत, भूक सांभाळणाऱ्या भागात, काही दिवसांतच दाह दिसला. २०१९ साली अमेरिकेत वीस माणसांना दोन आठवडे कारखान्यातले तयार पदार्थ आणि दोन आठवडे साधे जेवण हवे तितके दिले, तेव्हा तयार पदार्थांच्या दिवसांत ती रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती.

दारूचे मात्र एक पक्के आहे. वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने घरच्या घरी एकदम बंद केली, तर फिट येऊ शकते, जिवावरही बेतते. म्हणून सोडायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली.