कॅन्सरच्या दुखण्यातून उठल्यावर

कॅन्सर कशाने होतो, तो कसा ओळखावा, हे आता गावोगाव सांगितले जाते. दवाखान्याच्या भिंतीवर लिहिलेले असते. आशाताई घरी येऊन सांगतात. पण उपचार पुरा करून माणूस घरी परत आला, की पुढे काय? त्याने कामाला कधी लागावे? किती काम करावे? घरच्यांनी त्याच्याशी कसे वागावे? हे फारसे कोणी सांगत नाही. या पाठात आम्ही तेवढेच सांगणार आहोत.

मुंबईला परळमध्ये टाटा इस्पितळ आहे. ते १९४१ साली सुरू झाले. आता बार्शी, नागपूर, छत्रपती संभाजीनगर येथेही कॅन्सरची इस्पितळे आहेत. वेळेवर गेलेली पुष्कळ माणसे तेथून बरी होऊन येतात. शरद पवारांना २००४ साली तोंडाचा कॅन्सर झाला. त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली. त्याच साली ते देशाचे शेतीमंत्री झाले आणि पुढे दहा वर्षे त्यांनी ते खाते सांभाळले. तेव्हा 'कॅन्सर झाला, आता आटोपले' ही समजूत मनातून काढून टाकावी.

आता दुसरी समजूत पाहू. ती पहिलीच्या उलट आहे. माणूस इस्पितळातून आला, म्हणजे तो पहिल्यासारखा झाला, असे घरच्यांना वाटते. चार दिवस कौतुक होते. मग कुरकुर सुरू होते. "आता काय झालंय याला? नुसता पडून असतो." दुखणेकऱ्यालाही आपली लाज वाटू लागते. तो उठून कुदळ धरतो आणि तासाभरात बांधावर बसतो. डोळ्यांपुढे अंधारी येते.

हा आळस नव्हे, बरं का. या दमणुकीला कारण आहे. शेतात तण मारायचे औषध फवारले, तर कधी कधी पीकही काही दिवस पिवळे पडते. कॅन्सरच्या औषधाचे तसेच आहे. सलाईनमधून जे औषध देतात, त्याला केमो म्हणतात. ते कॅन्सरला मारते, पण अंगात रक्त तयार होते तेथेही त्याचा मार बसतो. किरणांच्या उपचाराने, म्हणजे लोक ज्याला 'शेक' किंवा 'लाईट' म्हणतात त्यानेही, अंग थकते. त्यात जेवण गेलेले नसते, झोप लागलेली नसते. ही दमणूक कुणाची महिन्या-दोन महिन्यांत जाते. कुणाला सहा महिने लागतात, कुणाला वर्षही लागते.

क्रिकेट खेळणारा युवराजसिंग आठवा. त्याच्या छातीत कॅन्सरची गाठ झाली होती. मार्च २०१२ मध्ये त्याची केमो संपली. भारताच्या संघातून तो पुन्हा खेळला, तो सप्टेंबरमध्ये. तरणाबांड गडी, खायला-प्यायला कमी नाही, डॉक्टर हाताशी. तरी सहा महिने गेले. मग आपल्या माणसाने पंधरा दिवसांत औत धरावे, असा हट्ट कशाला?

पण नुसते पडून राहिल्यानेही ताकद येत नाही. उलट पाय आणखी लुळे पडतात. रोज थोडे चालावे. पहिल्या आठवड्यात अंगणात. मग मारुतीच्या देवळापर्यंत. मग शाळेपर्यंत. एक दिवस मळ्यापर्यंत जाऊन यावे. दमले की बसावे, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा निघावे. डाळ, मटकी, शेंगदाणे, दूध, अंडे, जे मिळेल ते पोटभर खावे. कोणी सांगितले म्हणून उपास धरू नये. आणि दिवस जातील तशी दमणूक वाढतच गेली, तर डॉक्टरांना सांगावे. रक्त कमी झालेले असते. मानेला किरण दिले असतील, तर गळ्यातली थायरॉईडची ग्रंथी मंदावलेली असू शकते. दोन्ही रक्त तपासून कळतात, दोन्हींवर औषध आहे.

कामाची गोष्ट जरा सविस्तर सांगू. कचेरीतल्या माणसाला रजा असते. रोजंदारीच्या माणसाला रजा कुठली? त्यात उपचाराच्या पायी कर्ज झालेले असते. सावकार दारात येतो. मुकादमाची उचल अंगावर असते. म्हणून माणूस लवकर कामावर जातो आणि पुन्हा अंथरूण धरतो. तेव्हा काम पायरी-पायरीने धरावे. आधी बसून करायचे काम: धान्य निवडणे, शेंगा फोडणे, राखण, हिशेब. मग सकाळी थंड वेळी तासभर खुरपणी. ती सोसली तर दोन तास. मग अर्धा रोज. नांगरट, पोती उचलणे, ऊसतोड ही कामे सर्वांत शेवटी, आणि तीही डॉक्टरांना विचारून. औषध फवारणीचा पंप तर आमच्या मते दुसऱ्या कुणीतरी घ्यावा.

तोवर शेत पडीक राहील, अशी धास्ती वाटते. पण आपल्या गावात सावड आहे, इर्जिक आहे. एका हंगामात भावकीने याची पेरणी करून द्यावी. हा पुढे त्यांच्या खळ्यावर राखणीला बसेल. लग्नाला सारी भावकी जमते, मग अशा वेळी का जमू नये?

बाईमाणसाची तर याहून तऱ्हा वेगळी. पुरुष दुखण्यातून उठला तर त्याला बाजेवर बसवतात. बाई उठली, की तिसऱ्या दिवशी तिच्या हातात भाकरीचे पीठ येते आणि डोक्यावर हंडा येतो. तिने नाही म्हटले, तर सासू बोलते. आम्ही घरच्या पुरुषांना सांगतो, दोन-चार महिने पाणी तुम्ही भरा. लोक हसतील. हसू द्या.

त्यातून स्तनाच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया झालेली बाई असेल, तर हाताची काळजी लागते. या शस्त्रक्रियेत पुष्कळदा काखेतल्या गाठी काढतात. मग पाट बुजला की पाणी तुंबते, तसे त्या हातात पाणी साठून हात सुजू शकतो. पूर्वी अशा बायांना सांगत, की त्या हाताने जन्मभर जड उचलू नका. आता तसे नाही. २००९ साली अमेरिकेत, हात सुजलेल्या १४१ बायांवर याची पाहणी प्रसिद्ध झाली. ज्यांना माहीतगार माणसाच्या देखरेखीखाली हळूहळू वजन उचलायला शिकवले, त्यांची सूज त्यामुळे वाढली नाही. हाताची ताकद मात्र वाढली. म्हणजे हात गळ्यात बांधून ठेवायचा नाही. इस्पितळात व्यायाम शिकवतात, तो शिकून घ्यावा. आधी अगदी हलके वजन, मग थोडे अधिक. भरलेली घागर एकदम उचलू नये. त्या हाताला विळा, काटा, चुलीचा चटका लागू देऊ नये. घट्ट बांगड्या भरू नयेत. हात लाल झाला, गरम लागला, ताप आला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

तोंडाचा कॅन्सर आपल्याकडे पुष्कळ. त्याच्या उपचारानंतर जबडा आखडतो. तोंड उघडले, की आपलीच तीन बोटे उभी आत गेली पाहिजेत. जात नसतील तर इस्पितळात शिकवलेला तोंड उघडण्याचा व्यायाम रोज, दिवसातून अनेक वेळा करावा. आईसकांडीच्या काड्या एकावर एक ठेवून तो करायला शिकवतात. दर काही दिवसांनी एक काडी वाढते. कंटाळा येतो, पण सोडू नये. आखडलेला जबडा पुढे उघडणे फार कठीण. तोंडही कोरडे पडते, कारण लाळ कमी होते. शेतात जाताना पाण्याची बाटली बरोबर ठेवावी. भाकरी आमटीत किंवा दुधात कुस्करून खावी.

लाळ कमी झाली की दात किडतात. म्हणून दात रोज जपून घासावेत. आणि आता सांगतो ते नीट ध्यानात ठेवा. जबड्याला किरण दिलेले असतील, तर दात उपटण्यापूर्वी कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय राहू नका. किरणांमुळे जबड्याच्या हाडाला रक्त कमी मिळते. तेथला दात काढला, तर जखम भरत नाही आणि हाड सडू शकते. उपचाराला कितीही वर्षे झाली, तरी हा धोका राहतो. बाजारात बसणाऱ्या दातवाल्याला हे ठाऊक नसते.

केमोच्या काही औषधांनी हातापायांना मुंग्या येतात, तळवे बधिर होतात. पायात काटा मोडला तरी कळत नाही. अशाने अनवाणी शेतात जाऊ नये. रात्री दिव्याखाली तळवे पाहावेत. स्वतःला दिसत नसेल तर नातवाला पाहायला सांगावे. गरम पाण्याचा अंदाज बोटांनी घेऊ नये, कोपराने घ्यावा. केमो चालू असताना आणि ती संपल्यावरही काही आठवडे ताप आला, तर गोळी घेऊन घरी थांबू नये. ताप १००.४ च्या वर गेला की लगेच इस्पितळात जावे, रात्र असली तरी. डोक्यावरचे केस मात्र बहुतेकांना परत येतात. त्याची चिंता नको.

काही घरांत दुखणेकऱ्याचे ताट-तांब्या वेगळा ठेवतात. हे चूक आहे. कॅन्सर ताटातून, श्वासातून, स्पर्शाने दुसऱ्याला लागत नाही. यंत्रातून बाहेरून दिलेले किरण अंगात राहत नाहीत. आजीने नातवाला मांडीवर घ्यावे. नवरा-बायको एकत्र राहिल्याने कॅन्सर जोडीदाराला होत नाही. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर झाला असेल, तर संबंध कधीपासून ठेवावा हे नर्सबाईंना विचारावे. विचारायला लाजू नये. त्यांना हा प्रश्न नवा नसतो.

भेटायला येणाऱ्यांचीही एक जात असते. येतात, चहा पितात आणि म्हणतात, "आमच्या मामाला असाच झाला होता, तो वर्षात गेला." अशा पाहुण्याला घरच्यांनी ओसरीवरूनच वाटेला लावावे. दुखणेकऱ्याच्या मनात भीती असतेच. तपासणीची तारीख जवळ आली की ती वाढते, झोप उडते. त्याला बोलू द्यावे. "काही होत नाही रे" म्हणून त्याचे तोंड बंद करू नये. महिना-महिना कशातच मन लागत नसेल, तर तेही डॉक्टरांना सांगावे.

तंबाखू, मिश्री, गुटखा, विडी याबद्दल एकच सांगतो. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, तरी तो मिळतो, हे तुम्हालाही ठाऊक आहे. उपचारानंतर पुन्हा तोंडात टाकला, तर कॅन्सर उलटण्याची आणि दुसरा नवा होण्याचीही भीती वाढते. घरातल्या इतरांनी त्याच्यापुढे चंची सोडू नये. चंची समोर आली, की हात जातोच.

तपासणीला जाणे चुकवू नये. पहिली दोन वर्षे दर दोन-चार महिन्यांनी बोलावतात, पुढे अंतर वाढत जाते. बरे वाटते म्हणून पुष्कळ जण जात नाहीत. पेरणी आहे, लग्न आहे, पैसे नाहीत. पण कॅन्सर उलटला, तर पुष्कळदा तो याच पहिल्या वर्षांत उलटतो. लवकर कळला तर काही करता येते. नवी गाठ, तीन आठवड्यांत न भरणारी जखम, कुठूनही रक्त जाणे, न हटणारा खोकला, कारण नसता वजन उतरणे, यांतले काही दिसले तर तारखेची वाट पाहू नये.

पैशांसाठी महात्मा फुले जनआरोग्य योजनेची चौकशी इस्पितळातल्या आरोग्यमित्राकडे करावी. उपचाराला किंवा तपासणीला जाताना कॅन्सरच्या दुखणेकऱ्याला रेल्वेत सवलत आहे. शयनयान डब्यात त्याचे भाडे पूर्ण माफ असते. सोबतच्या एका माणसाचे शंभरातले ७५ रुपये माफ होतात. त्यासाठी इस्पितळाकडून रेल्वेच्या नमुन्यातला दाखला घ्यावा लागतो. एस.टी.च्या सवलतीबद्दल आगारात विचारावे. सारे कागद, रिपोर्ट, औषधांच्या चिठ्ठ्या एकाच प्लास्टिकच्या पिशवीत ठेवाव्यात आणि पिशवी पावसात गळणार नाही अशा जागी, खुंटीला टांगावी. पुढच्या तपासणीची तारीख कॅलेंडरवर आता तुम्हीच लिहा. अक्षर वेडेवाकडे आले तरी चालेल.