हरणाऱ्याची सही

नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावर गुलाथिंग नावाची सभा भरत असे. एगिल स्कालाग्रिमसन हा आइसलँडचा कवी, आणि तितकाच भांडकुदळ गडी. बायकोच्या वाट्याची मालमत्ता मागायला तो दहाव्या शतकात या सभेपुढे उभा राहिला. मोकळ्या मैदानात हेझलच्या काठ्या रोवून भोवती दोर ताणलेला. आत तीन परगण्यांतले बारा-बारा असे छत्तीस पंच बसलेले. प्रतिपक्षाच्या पाठीशी खुद्द राणी गुनहिल्ड होती. निकाल आपल्या माणसाच्या विरोधात जाईल अशी धास्ती वाटताच तिने माणसं धाडली. त्यांनी दोर कापले, काठ्या मोडल्या आणि पंचांना हुसकावून लावलं. ही गाथा लिहिली गेली तेराव्या शतकात, तेव्हा तिखटमीठ धरूनच वाचावी. पण न्यायसभेला भिंत नाही, पहाऱ्याला सरकारी शिपाई नाही, आहे तो फक्त एक दोर, हे तिखटमीठ नव्हे. ती खरोखरीची पद्धत होती.

आइसलँडमध्ये तर राजाच नव्हता. तिथली आल्थिंग ही सभा ९३० च्या सुमारास सुरू झाली. दर उन्हाळ्यात लोक थिंगवेलिरच्या माळावर जमत. कायदा लिहिलेला नव्हता; तो एका निवडलेल्या कायदेपाठकाला मुखोद्गत असे. त्याची मुदत तीन वर्षांची, आणि दर वर्षी एक तृतीयांश याप्रमाणे त्याने सगळा कायदा सर्वांसमक्ष म्हणून दाखवायचा. १११७-१८ च्या हिवाळ्यात कायदा पहिल्यांदा कागदावर, खरं तर कातड्यावर, उतरला. निकाल मिळाला तरी बजावणी मात्र जिंकणाऱ्याने स्वतःच्या बळावर करायची. बहिष्कृत ठरलेल्याला कुणीही मारावं, त्याबद्दल दाद नाही.

आता आपल्या गोतसभेकडे पाहू. सतराव्या शतकातल्या दख्खनेत पाटीलकीचा, कुलकर्णाचा किंवा शिवेचा वाद उभा राहिला की गोत बसे: देशमुख, देशपांडे, आसपासच्या गावांचे पाटील-कुलकर्णी, शेटे-महाजन, बलुतेदार. शेजारी सरकारी अंमलदारांची मजालस असे. पण वतन पिढ्यान्‌पिढ्या कुणी खाल्लं, हे ठाणेदाराला काय ठाऊक? ते गोतालाच माहीत. अग्रवादी (दावा लावणारा) आणि पश्चिमवादी (उत्तर देणारा) आपापला करीना सांगत. म्हणजे आजा-पणजापासूनची हकिकत, दुष्काळात कोण गाव सोडून गेला, मागे वतन कुणी राखलं, सगळं. शेवटी महजर, म्हणजे निवाड्याचा कागद, लिहिला जाई. त्यावर पाटलाच्या नावाजवळ नांगर, शेटे-महाजनांजवळ तराजू, बलुतेदारांजवळ आपापल्या हत्याराची खूण. अक्षरओळख नसलेला माणूसही त्या कागदावर असा हजर असे.

माझ्या मते या पद्धतीची खरी चावी मात्र महजरात नाही, दुसऱ्या दोन कागदांत आहे. सुनावणीआधी दोघांकडून राजीनामा घेत: गोत सांगेल ते मान्य. सोबत जामीन. आणि निकालानंतर हरणाऱ्याने यजितखत लिहून द्यायचं, की माझा दावा खोटा ठरला, या वतनाशी मला अर्थाअर्थी संबंध नाही. फौजफाटा पाठवून निकाल बजावण्यापेक्षा हरणाऱ्याच्याच हातून त्याचा पराभव लिहून घेणं स्वस्त, आणि बहुधा जास्त टिकाऊ. (सरकारचं नुकसान कशातच नव्हतं. जिंकणाऱ्याकडून हरकी, हरणाऱ्याकडून गुन्हेगारी!) तरी नातवंडांनी जुना वाद उकरून काढल्याची उदाहरणं ढिगाने आहेत.

गोतातही दोर कापणारे होतेच. देशमुख एका पक्षाचा सोयरा निघाला की दुसऱ्याने बोलायचं कुणापुढे? त्यावर तोड होती स्थळ बदलण्याची. सातारा भागातल्या मसूरच्या पाटीलकीत बापाजी मुसलमान आणि नरसोजी जगदळे यांचा वाद लागला. गावचा निकाल विरुद्ध गेल्यावर बापाजीने इब्राहिम आदिलशहाकडे दाद मागितली आणि वाद पैठणला नेण्याची परवानगी मिळवली. मुसलमान वादी, मुसलमान सुलतान आणि निवाड्याला हिंदूंचं तीर्थक्षेत्र! पैठणलाही बापाजी हरला. बादशहाने तो निकाल फिरवला नाही. गुनहिल्ड राणीपेक्षा आदिलशहाची चाल मला अधिक शहाणपणाची वाटते.

साक्षी-पुराव्याने उलगडलं नाही, तर दिव्य. रवादिव्यात उकळत्या तेला-तुपातून धातूचा तुकडा हाताने काढायचा. आधी हात धुऊन, नखं काढून, आधीची जखम आहे का ते तपासून वर पिशवी बांधत आणि मोहोर करत. दिव्य झाल्यावर पुन्हा पिशवी, पुन्हा मोहोर, आणि ठरल्या दिवशी सर्वांदेखत हात उघडून पाहत. नॉर्वेतही तापलं लोखंड हाती घेण्याचं दिव्य होतं. ते १२४७ मध्ये पोपच्या दूताने बंद करवलं. आपल्याकडे ते पेशवाईतही चालू राहिलं.

या सभांना लोकशाही म्हणण्याचा मोह आवरावा. गुलाथिंग-आल्थिंगसारख्या थिंगमध्ये गुलामाला आवाज नव्हता, आणि बाईच्या वतीने पुरुष बोले. गोतात महाराची खूण कागदावर असे, शिवेच्या वादात त्याच्या शब्दाला मोठं वजन असे. म्हणून चावडीवर त्याची जागा पाटलाशेजारी आली नाही.

गोताचा पाया वतनाचा होता, हे छत्तीसगडात स्पष्ट दिसतं. १७४१ नंतर नागपूरकर भोसल्यांचा अंमल तिथे बसला.  तिथवर मोडी दप्तर पोहोचलं, कमाविसदार पोहोचले. पण तिथला गावप्रमुख, गौंटिया, हा सरकारशी गावाचा सारा ठरवून घेणारा. देशमुख-पाटलांच्या पिढीजात वतनांचं जाळं तिथे नव्हतं, त्यामुळे देशावरच्या गोतसभेला तिथे रुजायला जमीनच मिळाली नाही. मराठी घोडी गेली तिथवर मराठी गोत गेलं नाही.

१८१८ मध्ये पेशवाई जाऊन इंग्रजी अंमल आला. त्याचा कारभारी माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याला अशा पंचायती टिकवायच्या होत्या. उणिवा त्याने पाहिल्या होत्या: पंच वेळेवर जमत नाहीत, निकाल लांबतात, बजावणी सैल. तरीही हे लोकांचं आहे म्हणून राहू द्यावं, असं त्याचं मत. मग १८२७ ची रेग्युलेशनं आली, दिवाणी अदालती स्थिरावल्या, आणि पंचांपुढे जायला पक्षकारच उरेनात. वकील लावून अपील करता येत असताना यजितखत कोण लिहून देणार?

कागद मात्र वाया गेले नाहीत. १८५२ च्या कायद्याने इनामांची चौकशी करणाऱ्या इनाम कमिशनला अधिकार मिळाले आणि हक्क सिद्ध करायची पाळी इनामदारांवर आली, तेव्हा घरोघरचे पेटारे उघडले. पुढे इतिहासकार वि. का. राजवाडे यांनी अशीच दप्तरं गोळा केली. वंशपरंपरेची पाटीलकी महाराष्ट्रात १९६२ च्या कायद्याने गेली. नांगराची खूण असलेले महजर त्यानंतरही कित्येक घरांत फडक्यात बांधून माळ्यावर पडून होते.